इलेक्ट्रिक व्हॅनचा क्रूझ कंट्रोल लागत नाही? आधी नकार कोणाचा ते शोधा

इलेक्ट्रिक व्हॅन उघडून बसलात तरी 'क्रूझ कंट्रोल' नावाचा वेगळा डबा सहसा सापडणार नाही. जुन्या इंजिनाच्या गाड्यांत थ्रॉटलची केबल ओढणारा अ‍ॅक्च्युएटर असायचा. तो गेला की बदलायचा, काम संपले. इथे क्रूझ, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, हा वाहन नियंत्रकातल्या, म्हणजे व्हीसीयूमधल्या, सॉफ्टवेअरचा एक तुकडा असतो. स्टिअरिंगवरच्या बटणांकडून तो हुकूम घेतो, एबीएस मॉड्यूलकडून (ब्रेक सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाकडून) वेग घेतो आणि इन्व्हर्टरकडे, म्हणजे मोटारीला वीज पुरवणाऱ्या भागाकडे, टॉर्क (फिरवण्याचा जोर) मागतो. वेग कमी पडला तर गाडी ओढणारा टॉर्क, वाढला तर रोखणारा.

हा टॉर्क मागण्याआधी आणि मागत असताना प्रत्येक क्षणी व्हीसीयू अटींची एक यादी तपासत असतो. ब्रेकवर पाय आहे का, दोन्ही ब्रेक संपर्क एकच गोष्ट सांगतात का, चारही चाकांचे वेग जुळतात का, गिअर 'डी'मध्ये आहे का, घसरण रोखणाऱ्या ईएसपीने हस्तक्षेप केला आहे का, इन्व्हर्टर तयार आहे का. यादीतली एक अट हुकली तरी क्रूझ गप्प बसतो. त्यामुळे तक्रार 'क्रूझ बिघडला' अशी आली, तरी क्रूझ स्वतः क्वचितच बिघडलेला असतो. कोणीतरी नकार दिलेला असतो. तो कोणी दिला हे कळण्याआधी बदललेला प्रत्येक सुटा भाग हा केवळ अंदाज आहे, आणि स्टिअरिंगचा स्विच किंवा रडार हे महागडे अंदाज आहेत.

तक्रार नेमकी कोणती?

चालकाला एवढेच विचारा: डॅशवर क्रूझचे चिन्ह येते का? येत असेल तर सेट होतो का? सेट होत असेल तर कधी सुटतो? उत्तरावरून शोधाची दिशा ठरते.

चिन्हच येत नसेल तर बटण, क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगला वायरिंगशी जोडणारी गुंडाळलेली पट्टी), स्टिअरिंग कॉलम मॉड्यूल, किंवा दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलमध्ये नोंदलेल्या बिघाडाच्या कोडमुळे क्रूझवर आलेली बंदी, यांपैकी काहीतरी आहे. चिन्ह येते पण सेट होत नसेल तर एखादी अट पूर्ण होत नाही. इथे पहिला संशय ब्रेक स्विचवर. सेट होऊन मधेच सुटत असेल तर चाकाचा वेग, सैल जोडणी किंवा वळताना तुटणारी क्लॉक स्प्रिंग. लागून राहतो पण वेग धरत नसेल, तर बहुधा बॅटरीची मर्यादा आड येते आहे, आणि तो बिघाड नसण्याचीही बरीच शक्यता आहे.

याच वेळी दोन गैरसमज दूर करून घ्या. बऱ्याच व्हॅनमध्ये स्पीड लिमिटर (ठरावीक वेगाच्या वर जाऊ न देणारी सोय) आणि क्रूझ यांची बटणे शेजारी किंवा एकच असतात. लिमिटर चालू असताना पाय उचलला की गाडी मंदावते आणि 'क्रूझ सुटला' अशी तक्रार येते. दुसरे म्हणजे क्रूझला किमान वेग लागतो. अनेक गाड्यांत तो ताशी ३० किंवा ४० किमीच्या आसपास असतो. दिवसभर शहरात फिरणाऱ्या व्हॅनच्या चालकाला तो आकडा माहीत असतोच असे नाही. काही गाड्या इको (वीज वाचवणाऱ्या) किंवा एक-पेडल (अ‍ॅक्सिलरेटर सोडताच गाडी रोखणाऱ्या) मोडमध्ये क्रूझ लावू देत नाहीत, तर काही सीटबेल्ट सुटलेला किंवा दार उघडे दिसले की सोडतात. गाडीच्या पुस्तिकेतले क्रूझचे पान वाचायला पाच मिनिटे लागतात. ती वाया जात नाहीत.

हात लावण्याआधी

क्रूझची सगळी तपासणी कमी व्होल्टेजच्या बाजूला होते. उच्च-व्होल्टेजची केशरी केबल, इन्व्हर्टर किंवा ट्रॅक्शन बॅटरीचे (गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीचे) झाकण उघडण्याची वेळ येत नाही. येते आहे असे वाटले तर थांबा, ते काम उच्च-व्होल्टेजचे प्रशिक्षण घेतलेल्याचे.

धोका दुसरीकडे आहे. क्लॉक स्प्रिंगपर्यंत पोहोचायचे तर एअरबॅग काढावी लागते. गाडी 'रेडी'मधून, म्हणजे चालायला तयार अवस्थेतून, बाहेर काढा, चावी दूर ठेवा, १२ व्होल्टच्या बॅटरीची ऋण तार सोडा आणि निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबा. गाडी रेडीमध्ये असताना ही तार काढून उपयोग नाही, कारण डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीची वीज १२ व्होल्टवर उतरवणारा भाग) मागून वीज देत राहतो. काही गाड्या उभ्या असतानाही ट्रॅक्शन बॅटरीतून १२ व्होल्टची बॅटरी आपोआप भरतात. गाडी पूर्ण झोपल्याची खात्री करूनच पाना लावा. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला ओहममीटर कधीही लावू नका. मीटरचा छोटा प्रवाहही तिथे नको.

रस्त्यावरच्या चाचणीला दोन माणसे हवीत: एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने स्कॅनर (मॉड्यूलमधले कोड आणि आकडे वाचणारे यंत्र) पाहायचा.

१२ व्होल्ट: सगळ्यात स्वस्त तपासणी

इलेक्ट्रिक व्हॅनमध्ये स्टार्टर नाही, त्यामुळे अशक्त १२ व्होल्टची बॅटरी घरघर करून इशारा देत नाही. ती गुपचूप मॉड्यूलना उपाशी ठेवते आणि मग एबीएस, स्टिअरिंग, रडार सगळे एकमेकांविरुद्ध 'संपर्क तुटला' अशा तक्रारी नोंदवतात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि शांत असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसते. १२.२ ला ती अर्ध्यावर आलेली असते. गाडी रेडी केल्यावर डीसी-डीसी चालू होऊन आकडा साधारण १३.५ ते १४.५ मध्ये जायला हवा. काही गाड्या बॅटरी भरल्यावर हा आकडा मुद्दाम खाली आणतात, म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा मोजा.

सोबत अर्थिंगही तपासा, पण ओहममध्ये नाही. भार चालू ठेवून बॅटरीचे ऋण टोक आणि मॉड्यूलची अर्थ पिन यांमधले व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आले तर वाटेत कुठेतरी गंज किंवा सैल बोल्ट आहे. ओहममीटर एका शाबूत धाग्यावरही शून्य दाखवतो. भार पडल्यावर तोच धागा पुरत नाही.

कोड वाचा, टिपा, इतक्यात पुसू नका

फक्त व्हीसीयू नको, सगळी मॉड्यूल स्कॅन करा. क्रूझ बंद असण्याचे कारण बरेचदा एबीएसच्या किंवा स्टिअरिंगच्या मॉड्यूलमध्ये पडलेले असते. प्रत्येक कोडचा फ्रीझ फ्रेम जपा: त्या क्षणी वेग किती, बॅटरी किती टक्के, तापमान किती. कोड पुसला की हा पुरावाही जातो.

नेहमी भेटणारे कोड असे. पी०५७१, पी०५७२ आणि पी०५७३ ब्रेक स्विचच्या सर्किटचे. पी०५०४ म्हणजे ब्रेकचे दोन संपर्क एकमेकांशी जुळत नाहीत. पी०५६४ आणि पी०५७९ ते पी०५८१ हे क्रूझच्या बहुउपयोगी बटणांच्या इनपुटचे. पी०५०० वेगाच्या सिग्नलचा. पी२१३८ अ‍ॅक्सिलरेटर पेडलच्या दोन सेन्सरमधल्या फरकाचा. यू०१२१ म्हणजे एबीएसशी संपर्क तुटला, यू०४१५ म्हणजे एबीएसकडून आलेला डेटा अविश्वसनीय. शेवटच्या दोघांत गल्लत करू नका. पहिल्यात मॉड्यूल बोलतच नाही, म्हणून वीज, अर्थ आणि कॅन वायरिंग (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या तारा) पाहायचे. दुसऱ्यात ते बोलते, पण चुकीचे. तिथे वायरिंग उचकण्यात अर्थ नाही, एबीएसचे स्वतःचे कोड पाहायचे.

कोड एकही नसेल तर हिरमुसू नका. अट पूर्ण न होणे हा बहुतेक मॉड्यूलच्या लेखी बिघाड नसतोच, म्हणून कोड पडत नाही. अशा वेळी लाइव्ह डेटा, म्हणजे स्कॅनरवर त्या क्षणी दिसणारे आकडे, कामाला येतो. अनेक गाड्यांत 'क्रूझ सुटण्याचे शेवटचे कारण' अशी एक ओळ तयार मिळते, आणि लोक तिच्याकडे न पाहता अर्धा दिवस घालवतात. ती नसेल तर हे घटक एका पडद्यावर घ्या: क्रूझची स्थिती, दाबलेले बटण, दोन्ही ब्रेक संपर्क, अ‍ॅक्सिलरेटर टक्क्यांत, चारही चाकांचे वेग, गिअर, मागितलेला आणि मिळालेला टॉर्क, बॅटरीची चार्ज व डिस्चार्ज मर्यादा. रेकॉर्डिंग लावा, गाडी चालवा, क्रूझ सुटला की थांबवा आणि सुटण्याच्या क्षणाआधीचे दोन सेकंद पाहा. त्या दोन सेकंदांत जी रेघ पहिल्यांदा हलली, ती धरा.

ब्रेक स्विच

पहिला मान याचाच. पेडलपाशी दोन संपर्क असतात: एक पाय दिल्यावर जोडला जातो, दुसरा पाय दिल्यावर तुटतो. दोन्ही जवळजवळ एकाच वेळी पलटले पाहिजेत. पाय नसताना दोघांपैकी एकही 'दाबलेला' म्हणत असेल तर क्रूझ सेट होणार नाही, आणि होऊही नये.

आता इलेक्ट्रिक गाडीतली मेख. मागचे ब्रेकचे दिवे पाहून स्विच बरा की वाईट हे ठरवू नका. रीजनरेशन (मोटारीने गाडी रोखून बॅटरी भरणे) जोरात असेल तर नियंत्रक पेडलला पाय न लागताही दिवे लावतो. यूएनच्या ब्रेकविषयक आर१३-एच नियमानुसार अशा मंदनात १.३ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर दिवे लागलेच पाहिजेत. म्हणून दिवा पेटण्यावरून पेडलचा निष्कर्ष निघत नाही. स्कॅनरवर दोन्ही संपर्क वेगवेगळे पाहा आणि मल्टिमीटरने खात्री करा: एका तारेवर पाय सोडल्यावर शून्य व दाबल्यावर बॅटरीइतके व्होल्ट, दुसरीवर बरोबर उलट.

पेडल हाताने अगदी हळू, मिलिमीटर-मिलिमीटरने दाबा. एक संपर्क बराच आधी आणि दुसरा बराच नंतर पलटत असेल तर स्विचची बैठक सरकली आहे. बरेच स्विच पेडल पूर्ण वर असताना फिरवून बसवायचे असतात आणि एकदाच जुळवून घेतात. बसवताना पेडल दाबलेले राहिले की चुकीचे माप कायमचे ठरते. पेडलमागे अडकलेली रबरी मॅट, परतीची अशक्त स्प्रिंग आणि पेडलवरचे झिजलेले रबरी बटण हेही पाहा. इलेक्ट्रिक बूस्टर (ब्रेकचा जोर विजेने वाढवणारा भाग) असलेल्या व्हॅनमध्ये पेडलच्या प्रवासाचा वेगळा सेन्सर असतो. ब्रेकमधली हवा काढल्यावर किंवा बूस्टर बदलल्यावर त्याचा शून्यबिंदू स्कॅनरने पुन्हा शिकवावा लागतो. ते राहून गेले की सेन्सर एखाद-दोन टक्के दाब दाखवत राहतो.

बटणे आणि क्लॉक स्प्रिंग

स्टिअरिंगवरची बटणे दोन तऱ्हांनी जोडलेली असतात. एका तऱ्हेत प्रत्येक बटणामागे ठरावीक ओहमचा रेझिस्टर असतो आणि सगळे एकाच तारेवरून ओळखले जातात. दुसरीत लिन बसवरून, म्हणजे एका तारेच्या साध्या नेटवर्कवरून, डिजिटल संदेश जातो. तिथे मल्टिमीटरचा फारसा उपयोग नाही, स्कॅनरवर बटणाची स्थिती पाहायची.

रेझिस्टरच्या पद्धतीत बिघाड मोठा फसवा असतो. समजा सेटचे मूल्य ३०० ओहम आणि रिझ्यूमचे ७००. संपर्क काळवंडून ४०० ओहम वाढले की सेट दाबल्यावर गाडीला रिझ्यूम ऐकू येते. मधलीच संख्या आली तर ती कोणाचीच नाही, म्हणून मॉड्यूल कोड टाकून बटणांचा अख्खा गट बंद करते. प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबून मूल्य लिहा. दर वेळी ते काही ओहमांच्या आत सारखे आले पाहिजे.

क्लॉक स्प्रिंगची खूण ओळखायला सोपी आहे: सरळ रस्त्यावर क्रूझ चालतो, वळणावर सुटतो. सोबत हॉर्न किंवा आवाजाची बटणे अधूनमधून मरतात, कधी एअरबॅगचा दिवाही लागतो. बटणाच्या तारेचे मूल्य पाहत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. कुठल्याही कोनात आकडा उडाला तर पट्टी तुटत आली आहे. नवी बसवताना चाके सरळ आणि स्प्रिंग मध्यावर असावी लागते. एक फेरा इकडेतिकडे झाला तर पहिल्याच पूर्ण वळणाला पट्टी ताणून तुटते.

चाकांचा वेग

आजच्या व्हॅनमधले सेन्सर बहुधा सक्रिय असतात: दोन तारा, आणि सिग्नल साधारण ७ व १४ मिलिअँपिअरच्या प्रवाहातून जातो. त्यांचे ओहम मोजून काही कळत नाही. गाडी सरळ रस्त्यावर १०, ३० आणि ६० च्या वेगाने चालवून चारही आकडे पाहा. एक चाक क्षणभर शून्यावर पडत असेल तर सेन्सर, तार किंवा कनेक्टर. एक चाक सतत थोडे कमी-जास्त दाखवत असेल तर आधी टायर तपासा: माप वेगळे, झीज वेगळी, की हवा कमी. मालवाहू व्हॅनला अडचणीच्या वेळी मिळेल तो टायर लावला जातो आणि तो तसाच राहतो.

नुकतेच चाकाचे बेअरिंग बदलले असेल तर ते उलटे बसलेले नाही ना, हे पाहा. सेन्सर वाचतो ते चुंबकीय वलय बेअरिंगच्या एकाच बाजूच्या सीलमध्ये असते. उलटे बसले की सेन्सरसमोर नुसते पत्र्याचे झाकण येते. सेन्सरच्या बैठकीखालचा गंज हे आणखी एक कारण. गंज फुगून सेन्सर वर उचलतो आणि अंतर वाढते.

लागतो, पण वेग धरत नाही

इलेक्ट्रिक व्हॅनपुरता खास असा हा भाग आहे, आणि सर्वांत जास्त चुकीची दुरुस्ती इथेच होते.

हिशेब मांडू. माल भरून ३ टन झालेली व्हॅन ५ टक्के उतारावरून ताशी ८० किमीने खाली येते आहे. गुरुत्वाकर्षण तिला सुमारे ३३ किलोवॅट देत असते. हवा आणि टायर मिळून त्यातले साधारण १६ खातात. उरलेले १७ किलोवॅट रीजनरेशनने उचलले तरच वेग ८० वर थांबतो. बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर तिला हे १७ नको असतात, आणि कडाक्याच्या थंडीत लिथियमचे सेल जोराने चार्ज करणे नियंत्रक टाळतो. चार्ज मर्यादा ५ किलोवॅटवर आली असेल तर उरलेले १२ वेग वाढवतात. काही गाड्यांत क्रूझ स्वतः घर्षण ब्रेक लावतो, काहींत इशारा देऊन सुटतो, साध्या क्रूझमध्ये गाडी नुसती पळत सुटते.

म्हणून 'सकाळी घाट उतरताना बिघडतो, दुपारी बरा असतो' अशी तक्रार आली की लाइव्ह डेटातली चार्ज मर्यादा आधी पाहा. बॅटरी ८० टक्क्यांवर आणून त्याच उतारावर पुन्हा चालवा. वेग धरला तर दुरुस्त करण्यासारखे काही नाही. चालकाला समजावून सांगा आणि रोजचे चार्जिंग थोडे आधी थांबवायला सांगा.

चढावर हाच हिशेब उलटा. त्याच चढाला त्याच वेगाने ३३ अधिक १६, म्हणजे चाकांपाशी जवळजवळ ५० किलोवॅट लागतात. बॅटरी तळाला गेली, मोटार तापली किंवा इको मोडने शक्ती बांधली, तर वेग ओसरतो आणि ठरावीक फरकानंतर क्रूझ सोडून देतो. मागितलेला टॉर्क आणि मिळालेला टॉर्क यांत दरी दिसली की ती कुठल्या मर्यादेमुळे पडली ते शोधा.

सपाट रस्त्यावर वेग खाली-वर झुलत असेल तर मात्र खरा दोष असू शकतो. अ‍ॅक्सिलरेटरचा आकडा पाय काढल्यावर शून्यावर स्थिर राहतो का, आणि वेगाचा सिग्नल मोटारीच्या फेऱ्यांशी जुळतो का, ते पाहा. इलेक्ट्रिक गाडीत घर्षण ब्रेक कमी वापरले जातात, त्यामुळे कॅलिपरच्या पिना जाम होऊन एखादे चाक घासत राहते. फेरी मारून आल्यावर चारही चाकांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने तुलना करून पाहा.

बाहेरून जोडलेल्या गोष्टी

व्हॅन कारखान्यातून निघते तशी क्वचितच राहते. ट्रॅकर, डॅशकॅम, शीतपेटी, टो-बारचे (ट्रेलर ओढायच्या आकड्याचे) वायरिंग, आतल्या प्लायवूडचे स्क्रू. ट्रॅकरची तार ब्रेकच्या वायरीत किंवा कॅनमध्ये खुपसलेली असेल तर ती सोडून चाचणी घ्या. टो-बारसाठी ब्रेकच्या दिव्याची तार कापून जोडलेली असेल किंवा मूळ बल्बच्या जागी एलईडी बसवले असतील तर काही गाड्यांत दिव्याच्या सर्किटचा प्रवाह बदलून ब्रेकचा कोड पडतो. मालकक्षात नव्या फळ्या लागल्यानंतर दोष सुरू झाला असेल तर स्क्रूने हार्नेस (तारांचा जुडगा) टोचला आहे का ते बघण्यासाठी फळी उघडावीच लागेल.

कॅनवर शंका असेल तर गाडी झोपवा, १२ व्होल्टची तार काढा आणि डायग्नोस्टिक पोर्टच्या ६ व १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० आले तर दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आले तर एक बाजू तुटली आहे. शून्याजवळ आले तर दोन तारा चिकटल्या आहेत. मात्र पोर्ट गेटवेमागे (पोर्ट आणि आतले नेटवर्क वेगळे ठेवणाऱ्या मॉड्यूलमागे) असेल तर हा आकडा आतल्या नेटवर्कविषयी काही सांगत नाही. मग ज्या मॉड्यूलची तक्रार आहे त्याच्याच कनेक्टरवर मोजा.

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ असेल तर

असा क्रूझ पुढच्या गाडीपासून अंतर राखतो. त्यासाठीचे समोरचे रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते, म्हणजे लहरीची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर. त्यामुळे बंपरवरचा पुट्टीचा थर, धातूचे कण असलेला जाड रंग, स्टिकर किंवा नंबर प्लेटची सरकलेली चौकटही त्याला आंधळे करते. आधी पुसा, मग बंपरची दुरुस्ती झाली होती का ते विचारा. रडारचा ब्रॅकेट एक अंशाने वाकला तर १०० मीटरवर नजर पावणेदोन मीटर सरकते, म्हणजे अर्धी लेन. शेजारच्या लेनमधल्या ट्रकला पाहून गाडी ब्रेक लावते ती यामुळे.

व्हॅनमध्ये आणखी एक गोष्ट. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ३.३ मीटर असलेल्या गाडीची मागची बाजू वजनाने ६ सेंटिमीटर खाली बसली तर नाक एक अंश वर जाते. मागची स्प्रिंग बसलेली असेल, किंवा सगळा माल मागच्या दाराशी रचलेला असेल, तर रडार निर्दोष असूनही 'मर्यादेबाहेर' म्हणते. कॅलिब्रेशनआधी (रडारची नजर जुळवण्याआधी) टायरची हवा, गाडीची उंची आणि मागच्या धुऱ्याचा कोन तपासा; वाकड्या गाडीवर केलेले कॅलिब्रेशन वाकडेच राहते. समोरची काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन झाल्याचा पुरावा मागा.

दुरुस्तीनंतर

कोड पुसा, गरजेप्रमाणे स्टिअरिंग अँगल आणि ब्रेक पेडलचा शून्यबिंदू शिकवा. नियंत्रकात नवे सॉफ्टवेअर टाकायचे असेल तर १२ व्होल्टला स्थिर चार्जर लावूनच टाका. अर्धवट थांबलेले प्रोग्रामिंग मूळ दोषापेक्षा महाग पडते.

मग रस्त्यावर जा. ५० ला सेट करा, दोनदा वाढवा, दोनदा कमी करा. ब्रेकला नुसता स्पर्श करून सोडवा, रिझ्यूमने पुन्हा लावा, बटणाने सोडवा. डावे आणि उजवे मोठे वळण क्रूझ लावूनच घ्या. एक चढ, एक उतार, तोही बॅटरी पूर्ण भरलेली नसताना. दोष मुळात माल भरल्यावरच येत असेल तर ही फेरी भरल्या गाडीने करा. फेरी संपल्यावर सगळी मॉड्यूल पुन्हा स्कॅन करा आणि प्रलंबित कोडची यादी वेगळी उघडून पाहा. अधूनमधून येणारा दोष डॅशवर दिवा लावण्याआधी तिथे दिसतो.